‘माल तपासून घेतला’ या ओळीखालची माझी सही

लॅपटॉप घेताना मी विक्रेत्याला स्पष्ट सांगितले होते की, माझे अर्धे काम विजेच्या जोडणीशिवाय चालते, तेव्हा बॅटरी टिकेल असेच यंत्र द्या. त्याने एक मॉडेल पुढे केले, माझ्यासमोर खोक्याची चिकटपट्टी कापली आणि ‘डोळे झाकून घ्या’ म्हणाला. मी ते शब्दशः पाळले आणि ‘माल तपासून घेतला, तक्रार नाही’ अशी ओळ छापलेल्या चिठ्ठीवर सही करून मोकळा झालो.

तीन आठवड्यांत बॅटरी जेमतेम तासाभरावर आली. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र उलटे केले, तेव्हा स्क्रूंचा काळा रंग उडालेला आणि खाचा झिजलेल्या दिसल्या. बॅटरीच्या नोंदीत चार्जिंगची चारशेहून अधिक आवर्तने होती. यंत्र कोणीतरी वर्षभर तरी वापरलेले होते. जाब विचारल्यावर विक्रेता शांतपणे म्हणाला, ‘नवे आहे असे मी कुठे म्हणालो? तुम्ही विचारलेच नाही.’

या उत्तराने मी गप्प बसलो, ही माझी मोठी चूक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ते भासवणे तोंडी, लेखी किंवा नुसत्या दिसण्यातूनही असू शकते. बंद खोके हेच विक्रेत्याचे ‘नवे आहे’ असे सांगणे होते. शिवाय मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या धंद्यातला माल घेतला असेल, तर तो माल त्या कामाला बऱ्यापैकी योग्य असण्याची शर्त गर्भित असते. हमीपत्रावर ती छापलेली असण्याची गरज नाही. तपासणीच्या सहीनेही, तपासणीत दिसायलाच हवे होते असे दोष सोडल्यास, माल विक्रीयोग्य, म्हणजे त्या नावाने बाजारात विकण्याजोगा, असण्याची दुसरी गर्भित शर्त सुटत नाही. मात्र गर्भित शर्ती स्पष्ट कराराने वगळता येतात (कलम ६२), म्हणून सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत.

पुढचे दोन महिने ‘कंपनीकडे पाठवले आहे’ या फोनवरच्या आश्वासनांत गेले. माल नाकारल्याचे वाजवी मुदतीत कळवले नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते, आणि मग साधारणपणे वस्तू परत करण्याऐवजी नुकसानभरपाईवरच भागवावे लागते, हे मला उशिरा कळले. लेखी नोटीस गेल्यावर फक्त बॅटरी बदलून देण्याची तयारी आली. ती नाकारून मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची असते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.

तक्रारीची कागदपत्रे लावताना, निव्वळ आळसाने न टाकलेले खोके हाताशी आले. त्यावरचा अनुक्रमांक आणि यंत्राच्या तळाचा अनुक्रमांक जुळत नाहीत, आणि बिलावर तर कोणताच अनुक्रमांक लिहिलेला नाही. हा माझा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण हे तपासणीत दिसायलाच हवे होते, असे म्हणून विक्रेत्याचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवेल, याचीही मला खात्री आहे.