‘हलक्या’ वाद्यांच्या नावाखाली माझे १०,७५९ रुपये गेले

आकडा आधीच सांगतो, कारण घरात अजून खरा आकडा सांगायची हिंमत झालेली नाही. २,४९९, मग १,१८०, मग ७,०८०. एकूण १०,७५९ रुपये. तिन्ही वेळा पिन मीच टाकला.

मी मिरजेचा. दिवसा खताच्या दुकानात बिलं करतो आणि रात्री घरी लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअर वाद्यांनी, म्हणजे प्लगइननी, आमच्या भजनी मंडळाच्या अभंगांचे ट्रॅक बसवतो. लॅपटॉप आय-थ्री, रॅम ८ जीबी. अशा मशीनवर ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको. दोन स्ट्रिंग्ज आणि एक पियानो लावला की आवाज तुटायला लागतो. बफर (आवाज तयार करायला लॅपटॉपला दिलेली उसंत) ५१२ वर न्यावा तर बोट पडल्यावर ठोका मागून येतो, १२८ वर आणावा तर कटकट आवाज. खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या मोठ्या लायब्रऱ्या डॉलरमध्ये, आणि वर पन्नास-साठ जीबी जागा खाणार. फुकटात मिळणारं सगळं मी आधीच वापरत होतो. सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड हे सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारी सॉफ्टवेअर) उत्तम आहेत, या लॅपटॉपवर चालतात. पण त्यात पखवाज कुठून येणार? टाळ, संबळ, ढोलकी कुठून येणार? आषाढी महिन्यावर आली होती. मी हावरट नव्हतो, गरजू होतो, हे मला ठामपणे सांगायचंय.

मग एक जाहिरात दिसली, तीत नेमकं हेच होतं. पखवाज, ढोलकी, संबळ, टाळ, शिवाय पियानो आणि ‘ओरिजिनल मिरज तानपुरा’. साठ जीबीचं बंडल ‘कॉम्प्रेस करून ९०० एमबी’, जुन्या लॅपटॉपसाठी खास. व्हिडिओत एकजण छोट्या कीबोर्डवर ढोलकी वाजवत होता. नंतर तो व्हिडिओ मी वीस वेळा पाहिला. बोटं उचललेली असताना धुम्याचा (ढोलकीच्या खर्ज बाजूचा) घुमार वर चढतोय. ती सरळ खऱ्या ढोलकीची रेकॉर्डिंग आहे. पण तेव्हा मी कानाने ऐकत होतो, डोळ्याने पाहत नव्हतो.

२,४९९ भरले. लिंक आली, वाद्यं लागली, वाजलीसुद्धा! पंधरा मिनिटांनी सगळं गप्प. ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा: अशा लायब्रऱ्या वाजवायला कॉन्टॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याच्या फुकटच्या प्लेअरमध्ये प्लेअरसाठी न बनवलेली लायब्ररी उघडली की ती डेमो म्हणून पंधरा मिनिटंच चालते. पुढे वाजवायला पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं. घेण्यापूर्वी विचारा, ‘फ्री प्लेअरमध्ये चालते की फुल लागतं?’ मी विचारलं नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “दादा, टेन्शन नका घेऊ, तुमचं ॲक्टिव्हेशन पेंडिंग आहे. हजार रुपये अधिक जीएसटी.” आणि विश्वास बसावा म्हणून पक्कं बिल पाठवलं.

ते बिल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पत्ता पुण्याचा होता आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. रोज चाळीस-पन्नास बिलं माझ्या हातून जातात. क्रमांक पंधरा अक्षरांचा हवा, इथे चौदाच होती. दुकानात असं बिल कुणी दिलं असतं तर मी त्याला काउंटरवरूनच परत पाठवलं असतं. त्या रात्री साडेअकरा वाजता मी ते बिल मोबाइलवर उघडलं, ‘१८ टक्के’ एवढंच वाचलं आणि १,१८० पाठवले. तिथे थांबलो असतो तर नुकसान २,४९९ वर अडलं असतं. जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करता कुणाचाही क्रमांक टाकून नाव बघता येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मग एक फाइल आली. अँटिव्हायरसने लाल सूचना दिली. त्याने सांगितलं, बंद करा, आमच्या फाइलला असं येतंच. मी बंद केला. कुणी अँटिव्हायरस बंद करा म्हणालं की फोन ठेवा, दुसरं काही ऐकू नका. आणि शेवटी ७,०८० ‘रिफंडेबल लायसन्स डिपॉझिट’. सहा हजार आणि त्यावर एक हजार ऐंशी जीएसटी. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी! हेही मला कळायला हवं होतं. पण आधीचे ३,६७९ बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे टाकतो.

दोन दिवसांत लॅपटॉप रांगायला लागला, मेल आपोआप लॉगआउट. फॉरमॅटला ६०० वेगळे गेले आणि अकरा अभंगांचं काम पुसलं गेलं. त्याआधी फोल्डर नीट उघडून पाहिलं होतं. ‘प्रीमियम पियानो’ म्हणजे सॅलमँडर ग्रँड पियानो, यामाहा सी-५ ची रेकॉर्डिंग, जी कुणालाही फुकट मिळते. फोल्डरचं नाव बदललं होतं, आतली माहितीची फाइल तशीच होती. तानपुरा म्हणजे एकच रेकॉर्डिंग. काळी एकच्या पट्टीत बरा, काळी चारला नेला की जवारी (तारेचा झंकार) चेंगरल्यासारखी. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ते कारागीर बसतात, आणि मी खोटा मिरज तानपुरा विकत घेतला.

साठ जीबीचं ९०० एमबी होऊन आवाज तोच राहतो, हे शक्य नाही. एकेका सुरासाठी हळू-जोरात वाजवलेले वेगवेगळे नमुने असतात, म्हणून ती लायब्ररी जड असते. नमुने काढले की हलकी होते, पण आवाजही पातळ होतो. खरोखर हलकं हवं असेल तर पियानोटेकसारखं सॉफ्टवेअर घ्या. ते सुरांचे नमुने साठवत नाही, आवाज गणिताने तयार करतं, म्हणून थोड्याच एमबीत बसतं. तेही आधी ट्रायल घेऊन.

आता यंत्रणेचं. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलो, ही माझी चूक. तुम्ही पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खात्यातून पैसे पुढे गेलेले. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “पिन तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा.” पोलीस ठाण्यात आधी विचारलं, “प्लगइन म्हणजे काय, गाण्याची सीडी?” समजावून सांगितलं, तर म्हणाले चोरीचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे तुमच्यावरच केस होईल. मी बिल घेऊन, कर भरून घेतलं होतं, चोरीचं समजून नाही! मग म्हणाले माणूस दिल्लीचा, आमची हद्द नाही. बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, आणि फसवणुकीचं कलम बीएनएस (नवी दंडसंहिता) ३१८(४), जुनं ४२०, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. “जिल्ह्याला सायबरकडे जा.” अर्ध्या दिवसाची रजा टाकून सांगलीला गेलो. तिथे चॅटचे प्रिंट मागितले, प्रिंट दिले तर बँकेचा सहीशिक्क्याचा उतारा मागितला, बँकेने आठ दिवस लावले. चार खेपा झाल्या. दहा हजारांसाठी एवढं कशाला, असं तिथे मला तोंडावर विचारलं गेलं. माझा महिन्याचा पगार सोळा हजार आहे. सायबर तक्रारींच्या पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसतं.

चॅट डिलीट करू नका, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक वहीत लिहून ठेवा.

परवा मंडळातल्या पेटीवाल्याने मला एक जाहिरात पाठवली, ‘हे घेऊया का’ विचारत. नाव नवं, किंमत १,९९९, व्हिडिओ तोच ढोलकीचा. मी त्याला नमुना बिल मागायला सांगितलं. आलं. चौदा अक्षरी, ०७ ने सुरू होणारा तोच क्रमांक.