लग्न ठरलं डोंगरमाथ्यावर, लागलं स्कीबुटांच्या खोलीत

धाकटीच्या लग्नाला आठ दिवस उरले होते. गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, केबिनमध्ये आजीची चाकाची खुर्ची उघडी बसते की घडी करून वेगळी पाठवावी लागते, एवढंच मला विचारायचं होतं. प्लॅनर फोन उचलेना, म्हणून मी रिसॉर्टच्या लिफ्ट कार्यालयाचा नंबर शोधून थेट तिथेच लावला. पलीकडच्या माणसाने तारीख विचारली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "त्या आठवड्यात गोंडोला बंद आहे, मॅडम. वार्षिक तपासणी आहे."

मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोळ होतोय. त्या दिवशी वर लग्न आहे, शंभरावर माणसं येतायत.

"कुणाचं?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, नुसतं कुतूहल होतं. माझ्या पोटात गोळा आला तो त्यामुळेच.

झालं होतं असं. धाकटीला लग्न बर्फात हवं होतं. स्की रिसॉर्टमध्ये लग्नं होतात आणि चांगली होतात, त्यामुळे हट्ट काही जगावेगळा नव्हता. ओळखीतून एक प्लॅनर मिळाला. "ताई, मी रिसॉर्टचा अधिकृत प्रतिनिधी," असं त्याने सांगितलं. कार्डावर रिसॉर्टचं चिन्हही होतं. चिन्ह कुणीही छापून घेऊ शकतं, हे तेव्हा सुचलं नाही. ऐन हिवाळ्यात तो आम्हाला जागा दाखवायला घेऊन गेला. गोंडोलाने वर गेलो. लाकडी गच्ची, कठड्यापर्यंत साचलेला बर्फ, समोर शिखरांची रांग. धाकटी काहीच बोलेना. तिचं गप्प होणं म्हणजे पसंती, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि दहा मिनिटांत ते त्या माणसालाही कळलं.

मग तारखांची गोष्ट निघाली. भर हंगामात जागा नाही, पण हंगाम संपल्यावर लगेचच्या आठवड्यात मिळेल. गर्दी नाही, दरात सवलत, "आणि वर बर्फ असतोच की, ताई." यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं, हे आजही कबूल करते. उंचावर तेव्हा बर्फ असतो. फक्त तिथे जायला लिफ्ट नसते.

स्कीच्या डोंगराचं गणित असं आहे. हिवाळी हंगाम संपतो आणि उन्हाळी पर्यटक यायला अवकाश असतो, त्या मधल्या आठवड्यांत बहुतेक ठिकाणी लिफ्ट बंद ठेवून तिची कामं उरकतात. फिरता दोर, केबिनला दोरावर धरून ठेवणाऱ्या पकडी, ब्रेक, खांबांवरची चाकं, सगळं तपासलं जातं. यात लपवाछपवी काही नाही. या तारखा ठरलेल्या असतात आणि विचारणाऱ्याला कुणीही सांगतं. प्लॅनरला त्या पाठ असणार. सवलत कशाची होती, ते आता उमगतं.

त्याने दिलेल्या अल्बमबद्दल तर सांगायलाच लाज वाटते. दहा-बारा फोटो, सगळे एकाच रिसॉर्टचे समजून आम्ही महिनाभर घरभर फिरवले. फसवणूक उघड झाल्यावर माझ्या आतेभावाने तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. नवरा-नवरीच्या मागे एक सुळका होता, वरून किंचित वाकडा, चारी बाजूंनी तासल्यासारखा. "अगं, हा मॅटरहॉर्न आहे. ४,४७८ मीटर. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर." चॉकलेटच्या त्रिकोणी खोक्यावर लहानपणापासून पाहिलेला डोंगर! आमचं रिसॉर्ट त्या देशातही नव्हतं आणि आमच्यापैकी एकालाही तो ओळखता आला नाही. सगळ्यांचं लक्ष नवरीच्या पोशाखाकडे.

आता कराराबद्दल. मी तो वाचला होता. दोनदा. जागेच्या रकान्यात वरच्या गच्चीचं नाव होतं आणि त्यापुढे तीनच शब्द: "किंवा समकक्ष जागा". मला वाटलं, वादळबिदळ झालं तर आतला हॉल मिळेल, चांगलंच आहे. समकक्ष म्हणजे काय आणि ते ठरवणार कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वाऱ्यामुळे लिफ्ट थांबली तर काय, याचाही उल्लेख नव्हता. डोंगरावर ही अट सगळ्यात आधी हवी, कारण जोराच्या वाऱ्यात गोंडोला थांबवावाच लागतो आणि तिथे कुणाच्या मुहूर्ताची भीड चालत नाही. लिफ्ट चालू असती तरी शेवटची केबिन खाली कितीला येते, हे आम्ही विचारलं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी ती संध्याकाळीच येते. त्यानंतर पाहुण्यांसाठी लिफ्ट चालू ठेवायची तर तासाप्रमाणे वेगळे पैसे, आणि तेही आधी लेखी ठरलेलं असेल तरच.

रिसॉर्टच्या व्यवस्थापिकेशी बोललो तेव्हा उरलंसुरलं कळलं. तो त्यांचा प्रतिनिधी नव्हता. त्याने स्वतःच्या नावावर पायथ्याचा एक हॉल तात्पुरता राखून ठेवला होता आणि आमच्याकडून घेतलेल्या रकमेतला अगदी थोडा भाग इसार म्हणून भरला होता. वरच्या गच्चीबद्दल तर एक अक्षरही नव्हतं. बाई सरळ होत्या. "तुम्ही आम्हाला एक ईमेल केला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं," म्हणाल्या. ऐकून राग आला, कारण खरं होतं.

शेवटी प्लॅनर फोनवर सापडला. त्याचं उत्तर तयारच होतं: "ताई, जागा मिळतेय ना? करारात आहे तेच देतोय." पोलिसांत गेलो तर आधी हा दिवाणी वाद आहे असं ऐकवलं. पण ज्या कार्डावर रिसॉर्टचं चिन्ह आणि 'अधिकृत प्रतिनिधी' असं छापलं होतं ते समोर ठेवल्यावर तक्रार लिहून घेतली. क्रेडिट कार्डाने दिलेला पहिला हप्ता बँकेकडे दाद मागून परत मिळाला, त्याला बरेच महिने लागले. दुसरा, मोठा हप्ता त्याने "लवकर होईल" म्हणून वैयक्तिक खात्यावर घेतला होता. तो गेला. पावती रिसॉर्टच्या नावाची नाही, हे मी तेव्हाच पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. समोर बसलेल्या भल्या दिसणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवायला जीभ उचलत नाही, आणि अशा लोकांचं सगळं त्याच जिभेवर चालतं.

उंचीचाही विचार आम्ही केला नव्हता. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरतो. अडीच हजारांच्या वर तर धडधाकट माणसाचंही डोकं दुखू शकतं. आम्ही निघालो होतो ८४ वर्षांच्या आजीला घेऊन. प्लॅनरने तिचं वय एकदाही विचारलं नाही. जो खरंच वर लग्नं लावतो, तो वयस्कर पाहुण्यांची चौकशी आधी करतो, हे मला त्या व्यवस्थापिकेने सांगितलं.

पाहुण्यांची तिकिटं निघालेली होती, त्यामुळे लग्न त्याच दिवशी, त्या पायथ्याच्या हॉलमध्येच लागलं. हिवाळ्यात तिथे स्कीची बूटं भाड्याने देतात. जमिनीवर काळं, खड्ड्याखड्ड्यांचं रबर, त्यात धाकटीच्या चपलेची टाच चार वेळा रुतली. भिंतभर खुंट्यांच्या रांगा, बूट उलटे टांगून वाळवायच्या. कितीही फुलं लावली तरी ओल्या मोज्यांचा वास खालून वर येतच राहिला. खिडकीतून तपकिरी चिखलाचा उतार दिसत होता, त्यावर कृत्रिम बर्फ पाडणाऱ्या यंत्रांचे पाईप आणि वितळलेल्या बर्फातून उघडे पडलेले कुणाकुणाचे एकेकटे हातमोजे. आजीने आपली पर्स एका खुंटीला अडकवली आणि म्हणाली, सोय बरी केलीय.

तो लिफ्टवाला दुपारी भेटला. कमरेला पट्टा, हाताला वंगण. मला म्हणाला, "फोनवर तुम्हीच का?" मग हात पुसून त्याने स्थानकात उभ्या असलेल्या एका केबिनचं दार सरकवलं आणि आजीची खुर्ची स्वतः आत ढकलली. फोटोसाठी धाकटी आणि तिचा नवरा दोन बाजूंना उभे राहिले.

खुर्ची घडी न करता बसते. वर दोन माणसांची जागा उरते.