मिरजेतली तंबोरा-दुरुस्ती: घोडी उंटाच्या हाडाची, जवारी अव्वल

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा उशिराचा कापला आहे, कामाचा नाही.

दुकान मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे. बाहेर ओळीनं लालसर भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. दुकान चालवणाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. पिढ्यान् पिढ्या हेच काम. पाटी जुनी आणि पुसट आहे, पण गल्लीत कुणालाही ‘जवारीवाले चाचा’ विचारलं की पोरंटोरंसुद्धा दारापर्यंत आणून सोडतात.

मी नेला तो तंबोरा मावशीचा. मिरजेतच बनलेला, साठीच्या पुढचा. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा सांगलीत गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. तंबोरा माळ्यावर होता म्हणून बुडाला नाही, पण ओलीनं व्हायचं ते झालंच. भोपळ्यावरच्या लाकडी तबकडीचा सांधा सुटला, गळ्याजवळची नक्षीची पट्टी उचकटली आणि जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून उठणारा भरीव गुंजता नाद, पार गेली. तार छेडली की टक् असा आवाज यायचा आणि तिथंच मरायचा.

मिरज हाकेच्या अंतरावर असूनही तेव्हा नातेवाइकांच्या ओळखीनं तो एका मोठ्या शहरातल्या दुकानात दिला गेला. त्यांनी सांधा चिकटवला, जुनी घोडी काढून प्लॅस्टिकची बसवली आणि जुनी एका पुडीत बांधून परत दिली. वर हळू आवाजात सांगितलं, “ही हस्तिदंताची आहे बरं का. जपून ठेवा, हिला गिऱ्हाईक मिळेल. पाहिजे तर मीच देतो मिळवून.” आवाज काही सुधारला नाहीच, आणि ती पुडी तेव्हापासून माझ्या डोक्याला लागली.

एक कारण व्यवहाराचं होतं. माझी लेक न्यू जर्सीत असते, गाणं शिकते, आणि मावशीचा तंबोरा तिच्याकडे जावा असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेत आफ्रिकी हस्तिदंताबाबतचे नियम 2016 च्या जुलैपासून फार कडक झाले. वाद्यात हस्तिदंत असेल तर ते 26 फेब्रुवारी 1976 च्या आधी कायदेशीरपणे मिळवलेलं असावं लागतं, वर वाद्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे तर प्रश्नच मिटलेला आहे. देशी हस्तिदंताचा व्यापार 1986 मध्ये बंद झाला आणि आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताची वाट 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. तेव्हा ‘गिऱ्हाईक मिळवून देतो’ म्हणणारा माणूस मला सरळ गुन्ह्यात ओढत होता.

दुसरं कारण मनाचं. आमच्याकडे पुष्कळांची समजूत आहे की सुळा म्हणजे नखासारखा, कापला की परत वाढतो, किंवा मेलेल्या हत्तीचा काढून घेतात. सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. तो अख्खा हवा म्हणून शिकारी हत्ती मारतात आणि तोंडच तोडून काढतात. हे वाचल्यापासून ती पुडी देवघराशेजारच्या कपाटात ठेवायचंही माझ्या जिवावर यायचं.

चाचांनी पुडी सोडली. घोडी खिडकीशी नेली, ओल्या फडक्यानं पुसली आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग लावून बघितली. मग भिंग माझ्या हातात दिलं. “ताई, हितं बघा. काळपट ठिपके दिसत्यात का? बारीक रेघा? त्या रक्ताच्या नळ्या. हे हाड हाय.” खरंच दिसत होतं. पिवळसर पृष्ठभागात सुईच्या टोकाएवढे काळे खळगे, आणि कडेला तेच लांबट होऊन रेघा झालेले. हस्तिदंतात असे खळगे नसतात. त्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वळणदार रेघांची जाळी असते. चाचांकडे दाखवायला हस्तिदंताचा तुकडाही नव्हता. तो ते दुकानात येऊच देत नाहीत. मोबाइलवरचा एक फोटो उघडून त्यांनी ती जाळी दाखवली. वडिलांनी लहानपणी ओळखायला शिकवलं होतं, म्हणाले. तेव्हा संस्थानिकांच्या आणि मोठ्या गवयांच्या वाद्यांवर हस्तिदंताचं काम असायचं, सांबरशिंगाचंही. आता दोन्ही बंद. नक्षीला सेल्युलॉइड, घोडीला उंटाचं हाड.

मी विचारलं, आवाजात फरक पडतो का? चाचा म्हणाले, फरक पडतो तो हाताचा. घोडीची पाठ किती घासली, उतार कुठं दिला, तार कुठं टेकते आणि कुठून सुटते, यावर सगळं. अजूनही कुणीकुणी येतं आणि ‘जुना दात असेल तर बघा, पैशाचं काही नाही’ म्हणतं. चाचा त्याला चहासुद्धा विचारत नाहीत. मला या दुकानाबद्दल जो आदर वाटला, त्याची सुरुवात इथून झाली.

आता थोडं विषय सोडून वाटेल, पण माझ्या दृष्टीनं हे त्याच घोडीबद्दल आहे. गिऱ्हाइकानं नको म्हणणं आणि कारागिरानं न लावणं, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू तिकडे आहे, जिथं हत्ती आहेत, आणि तिथं पैसा लागतो. आफ्रिकेत 1979 मध्ये हत्ती सुमारे 13 लाख होते, दहा वर्षांत ते 6 लाखांवर आले. 1988 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं आफ्रिकी हत्तींसाठी कायदा करून वेगळा निधी काढला. 1989 च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. 1997 मध्ये आशियाई हत्तींसाठीही अमेरिकेनं तसाच कायदा केला. त्या निधीतून भारतातल्या कामांनाही मदत मिळालेली आहे. परक्या देशाच्या सरकारनं आपल्या हत्तींसाठी पैसे द्यावेत, यात मला कमीपणा वाटत नाही. हत्तीला सरहद्द कळत नाही, आणि हस्तिदंताच्या बाजाराला तर कधीच कळली नाही.

मी टपालखात्यात नोकरी केली, म्हणून यातली एक गोष्ट मला फार जवळची. 2011 च्या सप्टेंबरात अमेरिकी टपालखात्यानं वाघाच्या पिल्लाचं एक तिकीट काढलं. किंमत 55 सेंट, साध्या पत्राच्या दरापेक्षा जास्त. वरचे पैसे हत्ती, गेंडे, वाघ, मोठी माकडं आणि समुद्री कासवं यांच्या निधीला. लेकीनं पाठवलेली त्याची चौकोनी जोडी माझ्या वहीत आहे. खिडकीवर रांगेत उभा असलेला कुणीही साधा माणूस केनियातल्या हत्तीसाठी चार पैसे टाकू शकतो, ही सोय आपल्या टपालखात्यानंही करावी असं मला मनापासून वाटतं.

हे पैसे जातात कुठं, तर वनरक्षकांच्या पगारात, बुटांत, वायरलेसमध्ये, गाडीच्या डिझेलमध्ये. हत्तींचा ठावठिकाणा कळवणाऱ्या गळ्यातल्या पट्ट्यांत. विमानातून मोजणी करण्यात. 2014 ते 2016 मध्ये 18 देशांत झालेल्या मोठ्या गणनेत माळरानावरचे 3,52,271 हत्ती मोजले गेले, तेव्हाच कळलं की 2007 ते 2014 मध्ये ते 30 टक्क्यांनी घटले होते. मोजलंच नसतं तर कुणाला पत्ता लागला असता? मेलेल्या हत्तींपैकी किती शिकारीनं मेले याचीही नोंद ठेवली जाते, त्या कामाचा मोठा भार युरोपीय संघ उचलत आला आहे. त्याच नोंदींवरून दिसतं की शिकारीचं प्रमाण 2011 मध्ये सर्वांत वर होतं आणि मग उतरत गेलं. 2017 च्या अखेरीस चीननं आपला देशांतर्गत बाजार बंद केला, त्यानंही हातभार लावला. आणि मग 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत आखडती घेतली, त्यात वन्यजीवांच्या कामाचा पैसाही अडकला. पगार थांबलेला रक्षक किती दिवस रानात राहील? शिकारी मात्र कुणाच्या अर्थसंकल्पाची वाट बघत नाही. याचा मला राग येतो, आणि तो इथं लिहायला मला संकोच नाही.

ज्यांना वाटतं की हे सगळं आफ्रिकेचं, आपलं काय, त्यांनी आजऱ्याला, चंदगडला किंवा दोडामार्गला जाऊन यावं. कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी ऊस, केळी, माड आडवे केलेत, तो शेतकरी काय म्हणतो ते ऐकावं. केनियात अशा शेतांभोवती तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगतात. हत्तीचा धक्का लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि हत्ती मागं फिरतो. शेतकऱ्याला वर मध मिळतो. आपल्याकडे 2021 मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत खादी ग्रामोद्योग आयोगानं तसा प्रयोग सुरू केला. तिकडं पैसा घालून शिकलेली गोष्ट इकडं शेतकऱ्याच्या बांधावर येते, ती अशी. आणि हत्तीवर आपल्या लोकांचा जीव किती आहे, हे 2025 मध्ये नांदणीच्या महादेवी हत्तिणीसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी दाखवलंच आहे. त्या मायेतला थोडा वाटा न पाहिलेल्या हत्तींनाही मिळावा.

आता काम. सांधा त्यांनी पूर्ण उकलला, कारण आधीच्या दुकानानं ओला असतानाच चिकटवला होता. भोपळा उन्हात न ठेवता सावलीत वाळवला. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि एकदा चीर गेली की बदलण्याशिवाय इलाज नसतो, म्हणून घाई नको म्हणाले. नक्षीची पट्टी जुन्या नमुन्यावर नवी कोरली. शेजारी ठेवून बघितली तर जुनी कुठली हे रंगावरूनच ओळखावं लागतं.

उंटाच्या हाडाची नवी घोडी बसवल्यावर जवारी काढायला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. “गाणार कोण, तिच्या सुरात काढायची,” म्हणाले. लेकीचा सूर काळी चार. चाचा मांडी घालून बसले, तंबोरा आडवा घेतला. कानशीचा एक हलका हात, फुंकर, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, परत उतरवायची. मध्येच पॉलिश पेपर. पंचमाची तार सगळ्यात हट्टी निघाली. तिच्याखाली सूत सरकवताना ते केसभर मागं, केसभर पुढं करत राहिले. आणि एका क्षणी ती उघडली. मधल्या जोडाच्या दोन्ही तारा तिच्यावर आल्या, खर्ज लागला आणि गंधार आपोआप बोलायला लागला. मावशी गेल्यापासून हा आवाज ऐकला नव्हता. मी रडले, आणि चाचांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

बिल साडेसहा हजार झालं. घोडी, जवारी, सांधा, पट्टी, चारही तारा धरून. त्या शहरातल्या दुकानानं निम्म्या कामाचे याहून जास्त घेतले होते. सोबत मी मागितलं म्हणून छापील पावतीवर वाद्यातली प्रत्येक वस्तू लिहून दिली: दांडी आणि तबकडी तूणच्या लाकडाची, घोडी उंटाच्या हाडाची, नक्षी सेल्युलॉइडची, हस्तिदंत कुठंही नाही, खाली सही-शिक्का. परदेशी वाद्य पाठवणाऱ्यांनी ही पावती मागून घ्याच. जुनी घोडीही परत दिली, आणि तिच्या पुडीवर ‘हाड’ असं मोठ्या अक्षरात लिहून.

उशीर मात्र होतो. सांगितलेल्या तारखेनंतर बरेच दिवस गेले, फोन केला की ‘आज-उद्या’ असंच उत्तर. चाचा फोनवर बोलणारे नाहीत, मुलगा उचलतो आणि त्याला कामाची नक्की स्थिती माहीत नसते. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरसाच्या सुमारास, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची मैफल असते तेव्हा, बाहेरगावच्या कलाकारांची वाद्यं येऊन पडतात आणि गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा नेऊ नका. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गर्दी आणखी वाढली आहे, तेव्हा विमानाची तारीख ठरलेली असेल तर दोन-तीन महिने हाताशी ठेवूनच वाद्य द्या, आणि स्वतः जाऊन जवारी ऐकल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. चाचांचंच तसं सांगणं असतं.