पुढच्या वीस वर्षांचं पाणी: नळयोजना, शिरपूर पॅटर्न की बारीपाडा?

खान्देशात गावाचा किंवा नगरपरिषदेचा दीर्घ मुदतीचा आराखडा करायला माणसं बसली, की चर्चा फिरून पाण्यावरच येते. ते योग्यही आहे. रस्ते, दिवाबत्ती, बगीचे यांचं चुकलं तर पुढच्या कार्यकारिणीला दुरुस्त करता येतं. पाण्याचं चुकलं तर कर्ज, वीजबिल आणि आटलेल्या विहिरी पुढच्या पिढीच्या नावावर चढतात.

आपल्याकडे सदस्यांसमोर साधारण तीन वाटा ठेवल्या जातात. तापी किंवा मोठ्या धरणावरून पाइपलाइन, शिरपूर पॅटर्नचं नाला खोलीकरण आणि बारीपाड्यासारखं जंगल राखून माथ्यापासून पाणी अडवणं. तिन्ही वाटा खान्देशात प्रत्यक्षात उभ्या आहेत, जाऊन पाहता येतात. कोणती कोणाला लागू पडेल, याबद्दल माझं मत मी इथे सरळ मांडतो.

आधी गावाचा हिशोब

समजा, गावाचं शिवार १००० हेक्टर आहे आणि लोकसंख्या ३०००. धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात किंवा पारोळा-अमळनेर पट्ट्यात बऱ्या वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्या हिशोबाने शिवारावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडतं. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने गावाला पिण्या-वापरायला वर्षभरात लागतात सुमारे ६ कोटी लिटर. पडलेल्या पाण्याच्या एक टक्क्याहून किंचित जास्त!

आता दुसरा आकडा. केळीला वर्षभरात साधारण १५०० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एका हेक्टरला दीड कोटी लिटर झाले. म्हणजे चार हेक्टर केळी आणि अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी यांची गरज सारखी.

हे शेतकऱ्याच्या विरोधात मी म्हणत नाही. केळी आणि कपाशीवरच हा मुलूख उभा आहे, आणि ठिबक मनापासून स्वीकारणाऱ्यांत आपलाच शेतकरी पुढे होता. पण मे महिन्यात गावात टँकर येतो तेव्हा पाऊस कमी पडला एवढंच कारण क्वचित असतं. पडलेलं पाणी कुठे गेलं आणि मुरलेलं कोणी किती उपसलं, हे ठरलेलं नसतं. तिन्ही पर्याय मी याच कसोटीवर पाहतो.

पाइपलाइन

मोठ्या गावाला आणि शहराला ही वाट टाळता येत नाही, हे आधी मान्य करू. जळगाव वाघूर धरणावर अवलंबून आहे, धुळ्याला तापीवरून पाणी आणावं लागतं, गिरणा धरणावर नाशिक-जळगावातली किती गावं जगतात ते सगळ्यांना माहीत आहे. पन्नास हजार वस्तीच्या गावाला नाला खोल करून रोजचं पाणी देऊ, असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

प्रश्न पुढचा आहे. योजनेच्या उभारणीला वरून निधी येतो, चालवण्याचा खर्च मात्र आपला. शहराच्या निकषाने माणशी १३५ लिटर धरले तर पन्नास हजार लोकांना रोज ६७.५ लाख लिटर लागतात. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला, पंपातली घट धरून, सुमारे ०.४ युनिट वीज जाते. म्हणजे रोज २७०० युनिट, वर्षाला जवळपास १० लाख. युनिटला आठ रुपये धरले तर ऐंशी लाखांच्या आसपास बिल, तेही फक्त चढणीचं. लांबच्या नळातलं घर्षण, शुद्धीकरण, गळती, जळालेल्या मोटारी, माणसांचे पगार हे सगळं त्यावर. पाणीपट्टीची वसुली एवढी होते का? होत नसेल तर थकबाकी साठत जाते आणि एक दिवस जोडणी तुटते.

दुसरी गोष्ट उगमाची. हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झालं; तापी-पूर्णेच्या गाळाने त्याचा साठा कसा खाल्ला, हे भुसावळकरांना वेगळं सांगायला नको. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे तापीवर बॅरेज (दरवाजांचे बंधारे) झाले, पण त्या पाण्याचा पुरेपूर उपयोग करून घेणाऱ्या उपसा योजना सगळीकडे धड चालल्या नाहीत. अमळनेरचा तापीवरचा पाडळसरे धरण प्रकल्प दोन तपांहून जास्त काळ रेंगाळला. वीस वर्षांचा आराखडा जेव्हा 'अमुक प्रकल्प झाल्यावर' या शब्दांवर टेकतो, तेव्हा तो आराखडा अजून झालेलाच नसतो.

पाइपलाइन निवडणाऱ्या नगरपरिषदेने तिच्या सोबत एक गोष्ट बांधून घ्यावी: सांडपाण्याचा फेरवापर. दिलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग गटारात येतो. वरच्या उदाहरणात ते रोज ५४ लाख लिटर झाले, आणि हे पाणी बाराही महिने येतं, दुष्काळातही. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी पालिकांचं प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या आसपासच्या पालिकांना तर गिऱ्हाईक दारातच आहे. बाकीच्यांना शेती आणि एमआयडीसी आहेत.

शिरपूर पॅटर्न

यावर थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण नक्कल सर्वांत जास्त याचीच झाली आणि नीट समजून घेऊन क्वचितच झाली.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूरचे नेते अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळावर शिरपूर तालुक्यात हे काम २००४ च्या सुमारास सुरू केलं. नाले रुंद आणि खोल करायचे, काही ठिकाणी १० मीटरहूनही खोल. त्यावर दरवाजे नसलेले सिमेंट बंधारे एकामागे एक बांधायचे. आणि नाल्यात थांबलेलं पाणी जमिनीत मुरू द्यायचं. कोरड्या पडलेल्या विहिरींना त्या भागात पाणी आलं, दुबार पिकं आली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ते का जमलं? तापीकाठचा बराच पट्टा गाळाचा आहे. त्यात पिवळ्या चिकणमातीचे जाड थर असतात, आणि वरचं पाणी या थरांतून खाली जातच नाही. खाली वाळू-गोट्यांचे थर रिकामे होत गेलेले आणि वरून नाला वाहून तापीला मिळतोय, अशी स्थिती. चिकणमातीचा थर कापला की पाण्याला खालची वाट मोकळी होते. खोल खोदण्यामागे हे कारण होतं.

आता तोच पोकलेन साक्री, धुळे, पारोळा किंवा चाळीसगावच्या काळ्या पाषाणात आणा. तिथे पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. त्या थराच्या खाली खोदलं तर नाल्यात पाणी साठलेलं दिसतं खरं, पण ते बऱ्याचदा आजूबाजूच्या विहिरींचंच पाणी उघड्यावर येऊन उन्हात उडत असतं. राज्य सरकारने नाला खोलीकरणाला ३ मीटरची मर्यादा घातली, ती याच काळजीपोटी. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेवर महालेखापालांनी २०२० मध्ये कडक ताशेरे ओढले. पाणी वाढलं की उपसा वाढतो, त्यावर लगाम नसतो, हा त्यातला मुद्दा प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचावा असा आहे.

खोलीकरण निवडताना आणखी दोन गोष्टी पाहा. उकरलेली माती काठावरच टाकली तर दोन-तीन पावसाळ्यांत ती परत नाल्यात उतरते आणि तळ लिंपला जातो, मग पाणी दिसतं पण मुरत नाही. दर काही वर्षांनी गाळ काढायचा पैसा कुठून येणार, हे कामाच्या आदेशातच असायला हवं. आणि शिरपूरमागे खासगी पैसा व सलग अनेक वर्षं एकाच माणसाची तांत्रिक देखरेख होती. तुमच्याकडे ती कोण करणार? मार्चअखेर निधी संपवण्यासाठी निघालेल्या निविदेतून ती मिळत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याची गावं, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याचा वरचा भाग, यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे डोंगरातून वाहून आलेल्या दगड-गोट्यांचा पट्टा आहे, जो पाणी अक्षरशः पितो. तिथे खोल खोदायची गरजच कमी. नाल्याचा वेग अडवून पाणी पसरवलं तरी खूप काम होतं. तापीचं पाणी वळवून जमिनीत मुरवण्याच्या तापी महापुनर्भरण योजनेची सगळी कल्पना याच पट्ट्यावर उभी आहे. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये करार झाला. ती होईल तेव्हा होईल. गावाने आपला नाला त्यासाठी थांबवून ठेवू नये.

बारीपाडा

साक्री तालुक्यातला हा छोटा आदिवासी पाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचं जंगल तुटलेलं, पाणी लांबून आणावं लागायचं. चैत्राम पवार आणि गावाने मिळून ४०० हेक्टरहून जास्त जंगल राखलं, श्रमदानाने दगडी बांध घातले, चर खणले. झाड तोडणाऱ्याला दंड, राखणीला गावचेच राखणदार. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथला वनभाजी महोत्सव आता दूरवर माहीत आहे.

तिन्हींत पैसा सर्वांत कमी इथेच लागला. वेळ मात्र सर्वांत जास्त लागला. शिवाय एक फरक लक्षात ठेवला पाहिजे: पश्चिम साक्रीत पाऊस शिंदखेड्यापेक्षा चांगला पडतो, आणि राखायला जंगल मुळात होतं. ज्या गावाच्या माथ्यावर गायरान आणि उघडी टेकडी एवढंच आहे, त्याला बारीपाडा व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतील. पण तिथून उचलायचं ते नियम करण्याचं आणि तो स्वतःच्या माणसावरही लावण्याचं धैर्य. त्याला पावसाची अट नाही.

आपलीच जुनी व्यवस्था

या तिघांच्या आधी पांझरा, मोसम, गिरणेच्या काठी फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाटकऱ्याने, म्हणजे पाणी वाटणाऱ्या गावच्या माणसाने, ठरलेल्या पाळीने पाणी द्यायचं. तरुण विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पांझरेवर दातर्ती इथे सायफन (पाणी नळाने पलीकडे नेण्याची रचना) बांधला, तोही याच पट्ट्यात. या पद्धतीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पाऊस कमी झाला की भिजवायचे फडच कमी करत, आणि प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटाही सगळ्यांना वाटून यायचा. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले.

आजच्या नियोजनात नेमकी हीच तरतूद नसते: कमी पावसाच्या वर्षी कोण किती सोडणार?

मग कोणी काय निवडावं

तापीकाठच्या गाळाच्या गावाने शिरपूर पॅटर्न जरूर घ्यावा, पण भूवैज्ञानिकाने थर तपासल्याशिवाय पोकलेन लावू नये. काळ्या पाषाणातल्या गावाने आधी माथा धरावा: सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत आडवे खणलेले), गवत, झाडं, दगडी बांध, मग खाली उथळ बंधारे आणि जुन्या तलावांतला गाळ काढणं. खोलीकरणाचा प्रस्ताव आला तर तीन मीटरवर थांबायला लावा. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी पसरवणं, आणि केळीच्या क्षेत्राबद्दल गावात उघड बोलणं. नगरपरिषदांना पाइपलाइन लागेलच. तिचा वीस वर्षांचा वीजखर्च आणि सांडपाण्याचा प्रकल्प त्याच अहवालात नसेल, तर ठरावाला हात वर करू नका.

पैशाचा क्रमही सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. २०२१-२६ या पाच वर्षांत आपल्या गावात तो कशावर गेला, हे आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) मागून घ्या. पहिल्या वर्षी बांधकाम करूच नका. विहिरी मोजा, ऑक्टोबरात आणि मे महिन्यात, आणि आकडे पंचायतीच्या भिंतीवर लिहा. भूजल यंत्रणेचं जिल्हा कार्यालय निरीक्षण विहिरींच्या नोंदी ठेवतं, तुमच्याजवळच्या विहिरीची नोंद मागा. दुसऱ्या वर्षी ग्रामसभेत उपशाचा नियम करा: गावविहिरीच्या आसपास नवा बोअर नाही, ऑक्टोबरची पातळी अमुक फुटांच्या खाली गेली तर उन्हाळी पीक नाही. हा ठराव मंजूर झाल्यावरच तिसऱ्या वर्षी निविदा काढा. ठराव मंजूर होत नसेल, तर खोदकामाचा पैसा तलावाच्या गाळावर आणि नळाच्या गळतीवर लावा. तिथे तो निदान वाया जात नाही.