बोर्डिंग बघायचं असेल तर शाळेच्या टूरवर विसंबू नका, सोबत एखाद्या जुन्या बाई न्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू आमच्या निवासी शाळेच्या कॅम्पस टूरचा आहे आणि टूर संपल्यावर माझ्या प्राथमिकच्या बाईंना मी स्वतः जे फिरवलं त्याचा पण. दोन्ही एकाच दुपारी झालं, तरी दोन वेगळ्या शाळा बघितल्यासारखं झालं. टूरला दोन स्टार, शाळेला साडेतीन. नाव लिहीत नाहीये कारण मी अजून इथेच राहते, आणि तसंही यातलं बरंचसं कुठल्याही बोर्डिंगला लागू होईल.

टूर म्हणजे काय तर ब्लेझर घातलेली दोन मुलं आणि त्यांचं पाठ केलेलं बोलणं. ऑडिटोरियम, ट्रॉफ्यांचं कपाट, कॉम्प्युटर लॅब, पूल, परत ट्रॉफ्या. डॉर्म म्हणून जी खोली दाखवतात तिथे सगळ्या चादरी एका रंगाच्या, दोरीवर एक टॉवेल नाही, बादली नाही, बेडखाली चप्पल नाही. बाईंनी विचारलं इथे कोण झोपतं रे, तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या बाई म्हणजे फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरच्या पोराचं नाव घेणाऱ्या, त्यांना काय सांगणार! मग बाई मला म्हणाल्या, "चल, आता तू झोपतेस ती जागा दाखव."

त्यासाठी वॉर्डन मॅडमची परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवा, ऐनवेळी रजिस्टर, आयडी, फोन जमा करणं यात अर्धा तास जातो. मला यात काही चुकीचं वाटत नाही, कोणीही डॉर्ममध्ये शिरता कामा नये. उलट ज्या शाळेत पाहुणा सरळ वर जाऊ शकतो तिथे मी माझ्या बहिणीला ठेवणार नाही.

डॉर्मला आम्ही सर्वात जास्त वेळ दिला. पालक आले की गादी दाबून बघतात, कपाट उघडून बघतात, झालं. बाईंनी वरच्या बंकवर गादीवर तळहात उभा ठेवला आणि रेलिंग कुठपर्यंत येतं ते बघितलं. तर झालं असं होतं की मध्यंतरी शाळेने सगळ्यांना नवीन जाड गाद्या दिल्या, आम्ही पण खूश होतो, पण रेलिंग तेवढंच राहिलं, त्यामुळे गादीच्या वर ते जेमतेम दोन बोटं उरतंय. गादीच्या वर निदान ५ इंच रेलिंग हवं असा नियम काही देशांत आहे, आणि ६ वर्षांखालच्या मुलांना वरच्या बंकवर झोपवूच नये म्हणतात. आमच्याकडे एवढी लहान नाहीत, पण झोपेत लोळणाऱ्या पाचवीच्या मुली आहेत. मी इतकी वर्षं त्याच बंकवर चढतेय, कधी लक्षातच आलं नाही.

दुसरं, मागचं दार. त्याला कुलूप. मी म्हटलं, बाई, मुली रात्री बाहेर जाऊ नयेत म्हणून आहे. बाई म्हणाल्या, "बरं, आणि किल्ली?" वॉर्डन मॅडमकडे. "आणि त्या झोपतात कुठे?" खालच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला. यावर बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि ते बघणं मला चौथीपासून माहीत आहे: रात्री आग लागली तर किल्ली येईपर्यंत आम्ही आतच. आतून दांडा ढकलला की उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी दारं मिळतात, उघडलं की अलार्म पण वाजतो, म्हणजे पळून जाणाऱ्यांचा आणि आगीचा असे दोन्ही प्रश्न सुटतात. कुलूप हा स्वस्त उपाय आहे, बाकी काही नाही.

मग वेळापत्रक. ते डॉर्मच्या भिंतीवरच लावलेलं असतं, १०:१५ ला लाइट्स ऑफ, ५:१५ ला बेल. बाईंनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाल्या सात तास, तेही पडल्या पडल्या झोप लागली तर. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलंय की ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे आमच्या सगळ्यात लहान मुलींना रोज निदान दोन तास कमी पडतात आणि मग पहिल्या तासाला त्या डुलक्या घेतात तर त्यांनाच उभं करतात! मोठ्यांचं तर अजून उलटं, वयात येताना शरीराची झोपेची वेळच पुढे सरकते, लवकर झोप ये म्हटलं तरी येत नाही, त्यामुळे पहाटेच्या प्रेपला, म्हणजे एकत्र बसून अभ्यास करायच्या तासाला, आम्ही पुस्तक उघडून डोळे मिटतो. हे सगळ्या सरांना माहीत आहे. तरी पहाटेची प्रेप म्हणजे शिस्त असं काहीतरी आहे, जाऊ दे.

आता कौतुकाचं. सिक रूम. इथे मला वाटलं होतं बाई फाडून खाणार, कारण खोली लहान आहे आणि रंग उडालाय. त्यांनी मेट्रन सिस्टरना विचारलं, एका मुलीला खरूज झाली तर काय करता? सिस्टर म्हणाल्या, एकटीला औषध देऊन उपयोग नाही, पूर्ण डॉर्मला एकाच दिवशी औषध लावतो, त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यातून काढतो, कारण पहिल्यांदा लागण झालेल्या मुलीला खाज सुटायलाच २ ते ६ आठवडे लागू शकतात, तोवर ती शेजारणीला देऊन मोकळी. बाई खूश! आणि सर्दी-तापाची साथ आली की शेजारशेजारच्या बेडवर एकीचं डोकं इकडे तर दुसरीचं तिकडे असं झोपवतात, हे मी सांगितलं. आम्हाला ती गंमत वाटायची, शेजारणीचे पाय बघत झोपायचं, पण त्याने खोकला थेट तोंडावर येत नाही. अशी सिस्टर असलेली शाळा रंग उडालेली असली तरी चालेल.

मेस ठीक, रांग लांब, ताटं स्वच्छ, आवाज भयंकर. लायब्ररी चांगली आहे पण आठवीच्या खालच्यांना कपाटाला हात लावू देत नाहीत, का ते विचारू नका. ग्राउंड मोठं आहे, दुपारी गेलात तर ऊन लागेल.

हाउसच्या बोर्डापाशी बाई हसल्या, म्हणाल्या आपल्या शाळेत पण चार हाउस होते की, शनिवारी टी-शर्टचा रंग बदलायचा एवढंच. मूळ भानगड इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांची, तिथे हाउस म्हणजे खरंच राहायची इमारत आणि त्या घराचे एक मास्तर, नंतर डे स्कूलवाल्यांनी नुसता रंग उचलला. आमच्याकडे अजून हाउस म्हणजे राहायची जागाच आहे आणि हाउस मॅडमला कोणाची आजी आजारी आहे हे पण माहीत असतं. हा पॉइंट टूरमध्ये कोणी सांगत नाही, ट्रॉफ्या सांगतात.

फोनचं मात्र वाईट आहे. फोन लावलाय वॉर्डन ऑफिसच्या दारात, मागे रांग, आत मॅडम, आणि तक्रारपेटी पण त्याच दाराशेजारी. वॉर्डनबद्दल काही सांगायचं असेल तर वॉर्डनसमोर उभं राहून सांगायचं किंवा वॉर्डनसमोर पेटीत टाकायचं! घरापासून फार लहानपणी लांब ठेवलेल्या मुलांना मोठेपणी जो त्रास होतो त्याला जॉय शॅवेरियन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी २०११ मध्ये बोर्डिंग स्कूल सिंड्रोम म्हटलं. ते काही डॉक्टरी निदान नाही आणि सगळ्यांना होतं असंही नाही, मी तर मजेत आहे. पण रडायला येत असताना मागून कोणी "आटप गं" म्हणतंय, अशा फोनचा काही उपयोग नसतो एवढं मी पण सांगू शकते.

जाता जाता जिन्यात पाचवीतली एक मुलगी भेटली. सगळे पाहुणे विचारतात "आवडतं का इथे?" आणि सगळी मुलं "हो" म्हणतात. बाईंनी विचारलं, "रात्री पोटात दुखलं तर कोणाला उठवतेस?" ती लगेच म्हणाली, ताईला, मग ताई सिस्टरना बोलावते, आणि परवाच उठवलं होतं. साडेतीनमधला एक पूर्ण स्टार या उत्तराचा आहे. तुम्ही कुठलंही बोर्डिंग बघायला जाल तेव्हा हाच प्रश्न विचारा, आणि मोठ्या मुलांना नको, सगळ्यात लहान दिसेल तिला विचारा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळंच छान असतं. संध्याकाळच्या प्रेपच्या आधी जा, तेव्हा सगळे दमलेले असतात आणि खरं बोलतात.

निघताना बाईंनी सूचना वहीत किल्ली, रेलिंग आणि तक्रारपेटी असं तीन ओळींत लिहिलं, खाली सही आणि "निवृत्त शिक्षिका". किल्ली आता दाराशेजारी काचेच्या डबीत आहे. पेटी जिन्यात गेली. रेलिंगचं अजून "बघू" चालू आहे, ते लागलं की अर्धा स्टार वाढवते.