सत्तर जागांत बसणारा निरोप

शिलाई मशीन दुरुस्तीचं माझं छोटं काम आहे. जुन्या गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवायला सहा महिने एक ऑनलाइन सेवा वापरतेय. तिच्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे लिहायच्या चौकटीखालचा आकडा.

माझा पहिला निरोप असा होता: 'सन्माननीय ग्राहक, आमच्याकडे सर्व प्रकारच्या शिलाई मशीनची दुरुस्ती तत्पर व खात्रीशीर करून मिळेल'. खाली आकडा आला 94, शेजारी 'भाग 2'. म्हणजे एका निरोपाला दोनाचे पैसे. मला वाटलं मोजण्यात चूक आहे, 'दुरुस्ती' तर तीनच अक्षरं! मदतीच्या पानावर उलगडा झाला. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन लिपीत तेवढ्यात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत जागा 70च, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगवेगळं मोजतात. 'दुरुस्ती'चे आठ होतात. निरोप दोन भागांत गेला की भाग जोडण्यासाठीही जागा जाते आणि प्रत्येकात 67च उरतात.

मग काटछाट करायला बसले. नुसतं 'सन्माननीय ग्राहक' स्वल्पविराम आणि पुढची मोकळी जागा धरून 18 खात होतं. ते काढलं. 'तत्पर' आणि 'खात्रीशीर' काढताना जिवावर आलं, पण ते तर प्रत्येक दुकानदार म्हणतो. आणि मशीन कधी आणायचं, परत कधी मिळणार, हे मी लिहिलंच नव्हतं! शेवटी हे ठरलं:

'शिलाई मशीनला तेलपाणी हवंय? शनिवारी आणा, सोमवारी घेऊन जा.'

56. उरलेल्या 14 जागांत दुकानाचं नाव बसलं. आधीच्या निरोपानंतर 'नक्की काय आहे?' विचारणारे फोन यायचे. यानंतर शनिवारी माणसं थेट मशीन घेऊनच आली.

सेवेतले तयार मजकूर मात्र वापरू नका. 'सुवर्णसंधी', 'त्वरा करा', 'भव्य सवलत'. धंद्याचं नाव बदललं तरी कुठेही चालतील असे. आणि पहिला भाग कुठे संपतो तिथे चौकटीत खूण हवी होती, ती नाही. मी त्यांना तसं कळवलंय. आधी स्वतःच्या नंबरवर पाठवून बघायची सोय आहे, ती दर वेळी वापरते. मोबाइल न उघडता पडद्यावर जेवढं दिसतं, तेवढ्यात 'शनिवारी आणा' आलं पाहिजे. नाही आलं तर परत लिहिते.