ग्लव्हवर छापलंय ‘ऑलिंपिक क्वालिटी’: 12 इंची बेसबॉल ग्लव्ह, सहा महिने वापरल्यावर

स्टार आधीच सांगून टाकतो, ग्लव्हला साडेतीन, दुकानाला दोन, आणि बॉक्सवर जे छापलंय त्याला किती द्यायचे ते ठरवता ठरवता हे एवढं लांबलं. ज्यांना फक्त घ्यावा की नको तेवढंच पाहिजे त्यांनी घ्या, पण हात कुठला ते चारदा विचारून घ्या.

भाचा गोव्यात साखळी गावाला असतो, आठवीत आहे, डावरा. फोनवर कायतरी बघून बेसबॉलचं खूळ डोक्यात शिरलं आणि मग रोज, मामा ग्लव्ह, मामा ग्लव्ह. आता गोव्यात फुटबॉलचे बूट मागा, दहा दुकानं दाखवतील, पण बेसबॉलचा ग्लव्ह म्हटलं की दुकानदार आधी आपल्याकडेच बघतो. फेब्रुवारीत शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात सहज विचारलं. म्हणाला, "बॅट आसा, ग्लव्ह मागोवचो पडटलो," म्हणजे बॅट आहे, ग्लव्ह मागवावा लागेल. कोपऱ्यात खरंच तीन बेसबॉल बॅटी उभ्या होत्या. मी म्हटलं म्हणजे खेळतं का कोण इथे, तर म्हणे नाही हो, लोक गाडीत सीटखाली ठेवायला नेतात, बॉल आजवर एकानेही मागितला नाही. ग्लव्ह आणि दोन बॉल मिळून 2,450 रुपये, आठ दिवसांत येणार होता, आला सतराव्या दिवशी.

आणि आला तो चुकीच्या हाताचा. ह्यात दुकानदाराची चूक निम्मी, निम्मी माझी. मी सांगितलं लेफ्ट हँड, म्हणजे डावऱ्या मुलासाठी. त्याने मागवला लेफ्ट हँड, म्हणजे डाव्या हातात घालायचा. क्रिकेट बघून मोठे झालेल्या माणसाच्या डोक्यात हे पटकन शिरत नाही, पण बेसबॉलमध्ये ज्या हाताने फेकतो त्याच्या उलट्या हातात ग्लव्ह. म्हणजे डावऱ्याला उजव्या हातात घालायचा पाहिजे, आणि मागवताना ‘लेफ्ट हँड थ्रो’ असं पूर्ण म्हणायचं, नुसतं लेफ्ट म्हणून चालत नाही. हे मला नंतर कळलं. बदलून द्यायला त्याने तीन आठवडे आणि वर कुरियरचे 400 घेतले, ते दोन स्टार तिथलेच.

पण ते तीन आठवडे फुकट नाही गेले. बॉक्सवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘ऑलिंपिक क्वालिटी’ छापलेलं, आणि दुकानदार पण बदलायची गोष्ट काढली की तेच सांगायचा, अहो ऑलिंपिकचा माल आहे. मग मला किडा चावला की कुठल्या ऑलिंपिकचा, ते तरी बघू. आणि बघायला बसलो तर सगळ्यात पहिल्यांदा जो माणूस सापडला त्याने भाच्याचं रडणंच थांबवलं.

जिम ॲबट. जन्मापासून उजवा पंजा नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये फायनलला जपानविरुद्ध पूर्ण मॅच ह्या एकट्याने बॉल टाकला आणि अमेरिका 5-3 ने जिंकली. फेकायचा डाव्या हाताने आणि ग्लव्हही डाव्याच हातात, कारण दुसरा हातच नाही. म्हणजे ग्लव्ह आमचा चुकून आला अगदी तसलाच! तो काय करायचा, फेकताना ग्लव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर नुसता टेकवून ठेवायचा, बॉल हातातून सुटला रे सुटला की डावा हात सर्रकन ग्लव्हमध्ये. बॉल परत आला तर झेलायचा, ग्लव्ह बॉलसकट उजव्या बगलेत दाबायचा, डावा हात बाहेर काढून बॉल उचलायचा आणि फेकायचा. वाचायला चार ओळी लागतात, तो हे सगळं करून धावणाऱ्याला आउट पण करायचा. आमच्या पोराने सोप्यावर भिंतीवर बॉल मारून हे करायला घेतलं, पहिल्या दिवशी पन्नासात एकदा जमलं, बाकी वेळा बॉल थेट तुळशीकडे. ताई ओरडली, मी म्हटलं ओरडू नकोस गे, मुलगा अभ्यास करतोय. आठवडाभराने दहात चार व्हायला लागले. ह्या ॲबटने पुढे 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज टीमकडून नो-हिटर पण टाकलाय, म्हणजे समोरच्या टीमला अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही.

आता गंमत म्हणजे ती सोलची मॅच अधिकृत नव्हतीच, प्रदर्शनीय होती, पदकतक्त्यात धरली नाही. आणि बेसबॉलचं ऑलिंपिकमधलं सगळंच असलं. जत्रेतल्या खाज्याच्या दुकानासारखं, जत्रा असली तर दुकान, नाहीतर नुसतं मैदान. 1912 मध्ये स्टॉकहोमला अमेरिका विरुद्ध स्वीडन, त्यात स्वीडनकडे बॉल टाकणारे नव्हते म्हणून अमेरिकेनेच आपले उसने दिले आणि मग 13-3 ने हरवलं. (आमच्या वाड्यावरच्या क्रिकेटला ह्याच्यापेक्षा जास्त नियम असतात.) 1936 ला बर्लिनमध्ये दोन्ही टीम अमेरिकेच्याच, रात्रीची मॅच, बघायला लाखाच्या आसपास माणूस. हेलसिंकीला 1952 मध्ये फिनलंडने आपलाच एक बेसबॉल दाखवला, पेसापालो, त्यात बॉल टाकणारा बॅट्समनच्या शेजारी उभा राहून बॉल सरळ वर उडवतो. मेलबर्नला 1956 मध्ये एमसीजीवर अमेरिकन सैनिकांच्या टीमने ऑस्ट्रेलियाला 11-5 ने हरवलं, गर्दी प्रचंड होती म्हणून सांगतात पण त्यातली बरीच माणसं ॲथलेटिक्स बघायला आलेली होती. 1964 ला टोकियो. मग 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये आठ टीम बोलावून नीट स्पर्धा घेतली, डॉजर स्टेडियमवर, आणि तिथे घरच्या अमेरिकेला जपानने 6-3 ने हरवलं. क्युबाचा बहिष्कार होता नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

कारण खरा खेळ सुरू झाला 1992 ला, बार्सिलोनात, पहिल्यांदा अधिकृत पदकं, आणि क्युबाने फायनलमध्ये तैवानला 11-1 ने धुतलं. अटलांटाला 1996 मध्ये परत क्युबा, जपानविरुद्ध 13-9, तोपर्यंत बॅटी ॲल्युमिनियमच्या होत्या त्यामुळे स्कोअर असले. मग सिडनीला 2000 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना परवानगी आणि लाकडी बॅटी आल्या आणि बेन शीट्स नावाच्या पोरग्याने क्युबाला शून्यावर ठेवलं, 4-0. अथेन्सला 2004 मध्ये तीच अमेरिका पात्रच ठरली नाही, ऑस्ट्रेलियाने सेमीफायनलला जपानला 1-0 ने गारद केलं आणि सोनं पुन्हा क्युबाचं. आणि पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, ऑलिंपिक समितीच्या सिंगापूरच्या बैठकीत मतदान होऊन बेसबॉल आणि मुलींचा सॉफ्टबॉल दोन्ही 2012 पासून बाहेर. पोलो 1936 नंतर गेला होता, त्यानंतर असा बाहेर काढलेला हाच.

कारण मला तरी सरळ दिसतं. अमेरिकेची मेजर लीग जुलै-ऑगस्टला आपला सीझन थांबवत नाही, मग मोठे खेळाडू येणार कुठून. जिथे बास्केटबॉलवाले आपले सगळ्यात महागडे लोक पाठवतात तिथे हे दुसऱ्या फळीचे पाठवतात, वर डोपिंगच्या टेस्टवरून कुरबुर, वर खेळणारे देश मोजके. आणि स्टेडियमचा आकार असा की दुसऱ्या कशाला उपयोगी नाही, ग्रीसने बांधलेलं नंतर तसंच पडून राहिलं. बेसबॉलवाले म्हणतात अन्याय झाला, मला नाही वाटत, स्वतःच्या घरच्या लग्नाला स्वतःच न जाणाऱ्याने पंगतीत जागा मागू नये.

बीजिंगची 2008 ची मात्र मस्त होती, जाता जाता. दक्षिण कोरियाने नऊच्या नऊ मॅच जिंकल्या, फायनलला क्युबाविरुद्ध 3-2, नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला क्युबाचे धावणारे तिन्ही बेसवर उभे आणि एकच आउट झालेला, तिथे कोरियाने एका फटक्यात दोघांना आउट करून संपवली. ह्या लोकांच्या जिवावर बेततं त्याचं कारण पदकाच्या पलीकडचं आहे, तिथे मुलांना सक्तीचं सैन्य असतं आणि ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा एशियन गेम्सचं सोनं आणलं की त्यातून सूट मिळते. म्हणून एशियन गेम्समध्ये, जिथे 1994 च्या हिरोशिमापासून बेसबॉल अधिकृत आहे आणि तिथून कधी हललेला नाही, कोरिया जीव तोडून खेळतं, 2010 पासून सलग चार वेळा त्यांचंच सोनं. तिकडे पॅन अमेरिकन गेम्समध्ये तर 1951 च्या पहिल्या खेपेपासून हा खेळ आहे आणि क्युबाने 1971 ते 2007 सलग दहा वेळा जिंकलाय, दहा! म्हणजे ऑलिंपिक सोडून इतर जत्रांत दुकान व्यवस्थित चालू आहे.

टोकियोच्या वेळी जपानने हट्टाने परत घेतला, 2021 मध्ये कोविडमुळे रिकाम्या स्टँडमध्ये, पहिली मॅच मुद्दाम फुकुशिमाला, आणि अमेरिकेला 2-0 हरवून सोनं ठेवून घेतलं. पॅरिसला परत नाही. आणि 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये परत आहे, सहा टीम, तेच डॉजर स्टेडियम, आणि हा निर्णय झाला कुठे तर आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 च्या बैठकीत, त्याच मतदानात क्रिकेटही आत आलं. त्याच महिन्यात आपल्याकडे फातोर्ड्याला नॅशनल गेम्सचं उद्घाटन होतं म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तिकडे लक्षच नव्हतं, माझंही नव्हतं. तर ‘ऑलिंपिक क्वालिटी’ला मी अर्धा स्टार देतो, 2028 च्या नावाने उधार.

आता मालाबद्दल. दुसरा ग्लव्ह, बरोबर हाताचा, आला मार्चच्या शेवटी. पंजाला खरं चामडं, पाठीला रेग्झिन, अंगठा आणि पहिल्या बोटामधली जाळी चामड्याच्या वादीने विणलेली, विण घट्ट आहे, सहा महिन्यांत एकच वादी सैल झाली ती मी ओढून गाठ मारली. नवीन असताना इतका कडक की पोराच्या हाताने मिटतच नव्हता. उपाय म्हणजे बॉल आत ठेवून ग्लव्ह मिटायचा आणि दोरीने बांधून रात्रभर ठेवायचा, दहा-बारा रात्री. चामड्याला थोडं तेल लावतात असं वाचलं म्हणून मी घाण्यावरचं खोबरेल चोपडलं, ते करू नका. ग्लव्ह काळपट झाला, जड झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर मुंग्यांची रांग. 

बॉल काट्यावर टाकून बघितला, 146 ग्रॅम, म्हणजे नियमात बसतो, 142 ते 149 पाहिजे. क्रिकेटचा लेदर बॉल 156 च्या वर असतो, हा त्याहून हलका पण सायजीने किंचित मोठा. शिवण लाल दोऱ्याची, टाके 108 असतात म्हणतात, भाच्याने मोजायला घेतले आणि सत्तरीत चुकला. कापणी झालेल्या शेतात खेळायला हे सगळं उत्तम, बॉल ग्लव्हच्या मधोमध बसला की ठाप्प असा आवाज येतो आणि तळहाताला काही होत नाही. बोटांच्या मुळाशी बसला तर मात्र झिणझिण्या, पॅडिंग तिथे कमी आहे, अर्धा स्टार तिथे गेला.

खरी परीक्षा जूनमध्ये. पावसाला सुरुवात झाली आणि आठ दिवसांत ग्लव्हवर पांढरी बुरशी, जशी आपल्या चपलांवर येते तशीच. पुसून, पंख्याखाली वाळवून, आता भाच्याने तो तांदळाच्या डब्यावर ठेवलाय, चुलीच्या बाजूला, ताईला अजून पटलेलं नाही. एक स्टार ह्या बुरशीला कापला, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही पण गोव्यात विकताना कोणीतरी सांगायला पाहिजे.

दोन बॉलपैकी एक मे महिन्यात काजूत गेला तो सापडला नाही. त्याच्या जागी नवीन बॉलसाठी परवा म्हापशाला विचारलं तर म्हणाला मागवावे लागतील, डझनाखाली येत नाहीत. चवथीनंतर येतील म्हणतो. कोणाला अर्धा डझन पाहिजे असतील तर सांगा, वाटून घेऊ.